पट्टे कोण आखतं? रेचल कार्सन यांचं 'द एज ऑफ द सी' आज वाचताना

समुद्रकिनाऱ्याबद्दल एकच पुस्तक वाचायचं असेल तर कोणतं, असं कोणी विचारलं की मी रेचल कार्सन यांचं 'द एज ऑफ द सी' सुचवते. पीएचडीला लागल्यापासून माझं उत्तर तेच आहे. फक्त आता मी त्याला एक पुरवणी जोडते: पुस्तक मन लावून वाचा, पण त्यातल्या एका गोष्टीवर लगेच विश्वास ठेवू नका. ती गोष्ट कोणती आणि का, ते या लेखात सांगते. माझ्या संशोधनाचा विषय खाडीच्या चिखलात राहणारे किडे हा आहे. म्हणजे या पुस्तकाकडे मी चिखलात उभी राहून बघते, हेही आधीच सांगून टाकते.

कार्सनबाईंचं नाव आपल्याला माहीत असतं ते कीटकनाशकांवरच्या 'सायलेंट स्प्रिंग'मुळे. ते आलं १९६२ साली. त्याआधी त्यांनी समुद्रावर तीन पुस्तकं लिहिली होती, १९४१, १९५१ आणि १९५५ साली. शिक्षण प्राणिशास्त्राचं, नोकरी अमेरिकी सरकारच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्यात. दुसरं पुस्तक, 'द सी अराउंड अस', इतकं खपलं की १९५२ मध्ये नोकरी सोडून त्या पूर्णवेळ लिहू लागल्या. त्यानंतरचं हे तिसरं. सुरुवातीला ही किनाऱ्यावरच्या प्राण्यांची ओळखपुस्तिका व्हायची होती. हा शंख, हा खेकडा, हा अमुक ठिकाणी सापडतो, अशा धर्तीची. लिहिता लिहिता बेत बदलला आणि प्राण्यांच्या यादीऐवजी किनाऱ्याच्या प्रकारांवर पुस्तक उभं राहिलं. प्राण्यांची शास्त्रीय वर्गवारी शेवटी परिशिष्टात गेली. पानापानावर बॉब हाइन्स यांची पेन्सिलीची रेखाटनं आहेत, ती आजही बघत राहावीत अशी आहेत.

पुस्तक काय देतं

कार्सनबाई तीन किनारे घेतात. उत्तरेला न्यू इंग्लंडचा खडकाळ किनारा, मधला लांबच लांब वाळूचा, आणि दक्षिणेला फ्लोरिडाचा प्रवाळाचा. तिन्ही अमेरिकेच्या अटलांटिक बाजूचे. त्याआधी दोन छोटी प्रकरणं आहेत आणि माझ्या मते पुस्तकाचा जीव तिथेच आहे.

आपल्या डोक्यात किनारा म्हणजे एक रेघ असते. नकाशावर निळा रंग संपतो आणि पिवळा सुरू होतो, तिथली. कार्सनबाई ही रेघ पुसून टाकतात. भरतीचं पाणी जिथवर चढतं आणि ओहोटीचं जिथवर उतरतं, त्यांच्या मधला सगळा भाग हा एक प्रदेश आहे, तिथे राहणाऱ्यांना पाण्यातही जगता यायला हवं आणि हवेतही, हे त्या इतक्या शांतपणे पटवतात की वाचल्यानंतर किनाऱ्यावर उभं राहिल्यावर आपला पाय कुठे पडलाय हे बघावंसं वाटतं.

भरती-ओहोटीचं गणित थोडक्यात सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पन्नासेक मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनात असतात, तेव्हा चढ-उतार कमी. हा भांग. कोकणात यासाठी एक तोंडी हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता. खरं तर पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणकीत आपण ४५ धरतो. महिनाअखेर थोडा फरक पडतो, पण होडी काढायला पुरेसं आहे.

हे वेळापत्रक प्राण्यांच्या अंगात कसं भिनलेलं असतं, त्याचं कार्सनबाईंनी दिलेलं उदाहरण मी विद्यार्थ्यांना हमखास सांगते. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर कॉन्व्होल्युटा नावाचा चपटा, इवलासा किडा असतो. त्याच्या अंगात हिरवं शैवाल राहतं, ते उन्हात अन्न तयार करतं. ओहोटी लागली की हे किडे वाळूतून वर येतात आणि वाळूवर हिरवे डाग दिसतात. पाणी परत येण्याआधी ते खाली जातात. हेच किडे प्रयोगशाळेत काचेच्या टाकीत ठेवले, जिथे भरतीही नाही आणि ओहोटीही नाही, तरी काही काळ ते दिवसातून दोनदा वर येतात आणि खाली जातात. समुद्र दूर राहिला, पण त्याचं घड्याळ त्यांच्यासोबत टाकीत आलं.

असं लिहिणं सोपं नाही. मोजमाप न लपवता आणि शब्दांचा फुलोरा न करता त्या हे करतात. माझी तक्रार त्यांच्या भाषेबद्दल नाही. तक्रार आहे ती त्यांनी भरतीला दिलेल्या भूमिकेबद्दल.

खडकावरचे पट्टे

ओहोटीच्या वेळी कुठल्याही खडकाळ किनाऱ्यावर जा, रंगांचे आडवे पट्टे दिसतील. कार्सनबाई मेनच्या खडकावर वरून खाली उतरत जातात: सर्वात वर काळपट पट्टा, मग पेरिविंकल नावाच्या छोट्या शंखांचा, मग बार्नॅकलचा पांढरा, मग तपकिरी शैवालाचा, आणि तळाशी लाल-जांभळ्या शैवालाचा. बार्नॅकल म्हणजे खडकाला चिकटून बसलेल्या चुन्याच्या छोट्या टोप्या दिसतात ते. दिसायला शिंपल्यांचे भाऊबंद, नात्याने मात्र कोळंबी-खेकड्यांचे.

हे पट्टे आले कुठून? पुस्तकातून मनावर ठसतं ते उत्तर असं: भरतीने आखले. वरचा खडक दिवसातला बहुतेक वेळ कोरडा, खालचा बहुतेक वेळ ओला. ज्याला जितकं कोरडं सोसतं तितक्या उंचीवर तो राहतो. भरती ही जणू पट्टी घेऊन आलेली आणि तिने खडकावर खुणा केल्या.

त्या काळी विज्ञानही साधारण असंच म्हणत होतं, त्यामुळे हा दोष एकट्या पुस्तकाचा नाही. १९३३ साली कोलमन यांनी इंग्लंडमध्ये प्लिमथजवळच्या वेंबरी इथे, तर १९४६ साली डोटी यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर याच कल्पनेला आकड्यांचा आधार द्यायचा प्रयत्न केला. त्यांचं म्हणणं असं की काही ठराविक उंचींवर कोरडं राहण्याचा वेळ एकदम उडी मारतो, आणि नेमक्या तिथेच जातींच्या सीमा असतात. कल्पना फार देखणी आहे. भरतीचं कोष्टक घ्या, खडकाची उंची मोजा, कोण कुठे राहतं ते घरबसल्या सांगा.

पुस्तक आल्यानंतर सहा वर्षांनी, १९६१ मध्ये, जोसेफ कॉनेल यांचा एक शोधनिबंध आला. स्कॉटलंडच्या कंब्रे बेटावर बार्नॅकलच्या दोन जाती होत्या. थॅमॅलस वर, बॅलॅनस खाली. भरतीच्या पट्टीप्रमाणे स्पष्टीकरण तयारच होतं: थॅमॅलसला कोरडं आवडतं, बॅलॅनसला ओलं. कॉनेल यांनी थॅमॅलस बसलेले दगड उचलून खालच्या पट्ट्यात नेऊन ठेवले आणि एकेका बार्नॅकलवर महिनोन्‌महिने नजर ठेवली. दगडाच्या अर्ध्या भागावर शेजारी उगवणारे बॅलॅनस ते काढून टाकत. उरलेल्या अर्ध्यावर हात लावत नसत.

जिथे बॅलॅनस काढले तिथे थॅमॅलस खालच्या ओल्या पट्ट्यातही मजेत जगला. जिथे काढले नाहीत तिथे बॅलॅनसने त्याला दाबलं, वरून झाकलं, खालून उचकटून टाकलं. म्हणजे थॅमॅलसला खाली राहता येत होतं, शेजारी राहू देत नव्हता. बॅलॅनस मात्र वर का जात नाही, त्याचं उत्तर खरंच ऊन आणि कोरडेपणा हेच होतं. वरची सीमा हवामान ठरवतं आणि खालची शेजारी, असं सूत्र यातून पाठ्यपुस्तकांत गेलं. पुढे त्यालाही अपवाद सापडले, पण एक गोष्ट पक्की झाली: पट्टा बघून तो कोणी आखला हे सांगता येत नाही. त्यासाठी एखाद्याला उचलून बघावं लागतं.

लगोलग रॉबर्ट पेन यांनी पॅसिफिकच्या बाजूला, वॉशिंग्टन राज्यातल्या मकाह उपसागरात, याहून धाडसी प्रयोग केला. १९६३ पासून त्यांनी खडकाच्या आठ मीटर लांब, दोन मीटर उंच तुकड्यावरचे सगळे तारामासे काढून समुद्रात भिरकावून दिले, आणि नवे आले की तेही. तारामासा हा शिंपल्यांच्या मसल या प्रकाराचा शत्रू (गोव्याकडे ज्यांना शिणाणे म्हणतात, त्यांचे हे नातेवाईक). शत्रू गेल्यावर मसल खालच्या भागात पसरले आणि बाकीच्यांची जागा खाल्ली. १९६६ च्या निबंधात पेन यांनी नोंदवलं की त्या खडकावर १५ जाती होत्या, त्यांच्या ८ झाल्या. भरती रोज तितकीच येत होती. खडक तोच, ऊन तेच. एक प्राणी गेला आणि पट्टे बदलले.

कोलमन-डोटी यांच्या देखण्या कल्पनेचा हिशोब १९७८ मध्ये अँटनी अंडरवुड यांनी पुरा केला. ब्रिटनच्या किनाऱ्यांवरच्या जातींच्या सीमा त्यांनी काटेकोर संख्याशास्त्राने तपासल्या. सीमा कुठल्याही खास उंचीवर गर्दी करत नव्हत्या, आणि ज्या उड्यांवर सगळी भिस्त होती त्या उड्याही दिसल्या नाहीत.

आता कार्सनबाईंना न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं की त्यांच्या पानांवर खाणं, मारणं, जागेसाठी झटापट सगळं आहे. शिकारी शंख बार्नॅकल कसे फोडतात हे त्यांनी नीट बघितलंय. पण बहुतेक ठिकाणी ही झटापट पट्ट्याच्या आत घडणारा प्रसंग म्हणून येते. आधी भरती घरं वाटून देते, मग घरात भांडणं होतात. कॉनेल आणि पेन यांच्यानंतर वाचताना हे उलटं दिसतं. घरांच्या भिंतीच मुळात भांडणातून उभ्या राहिल्या आहेत.

किती वेळ कोरडं, आणि केव्हा कोरडं

दुसरी पुरवणी घड्याळाची. खडक किती तास उघडा राहतो हे महत्त्वाचं, पण ते तास दिवसाच्या कुठल्या भागात येतात हेही तितकंच महत्त्वाचं. पहाटेची ओहोटी आणि भर दुपारची ओहोटी यांत चिकटून बसलेल्या जिवासाठी जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ब्रायन हेल्मथ आणि सहकाऱ्यांनी २००२ साली हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दाखवलं. शिंपल्यासारखेच तापतील असे मापक त्यांनी खडकांवर बसवले. अपेक्षा अशी की दक्षिणेला जावं तसं जास्त तापेल. प्रत्यक्षात उत्तरेकडच्या काही जागा दक्षिणेकडच्या कॅलिफोर्नियातल्या जागांपेक्षा जास्त तापत होत्या. कारण उन्हाळ्यात उत्तरेला मोठी ओहोटी दुपारच्या सुमारास येते, दक्षिणेला रात्री किंवा पहाटे.

आता आपला पाऊणकीचा हिशोब काढा. कोकणात अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. म्हणजे उधाणाची मोठी ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. जे खडक फक्त उधाणातच उघडे पडतात, त्यांना भर दुपारचं ऊन सहसा लागतच नाही. उलट भांगाच्या दिवसांत ओहोटी दुपारी येते. तेव्हा पाणी फार खाली जात नाही, पण भरतीही फार वर चढत नाही. म्हणून सगळ्यात वरचा पट्टा सलग काही दिवस कोरडा राहतो आणि दुपारचं ऊनही खातो. मेनच्या थंड हवेत हा मुद्दा मागे पडला तर समजू शकतं. मे महिन्यात गुहागरच्या खडकावर अनवाणी चालून बघा, तो मागे पडणार नाही.

वाळू ठीक, पण चिखल?

तिसरी गोष्ट मला सर्वांत खटकते, आणि इथे माझा पक्षपात धरून चला. पुस्तकात खडक आहे, वाळू आहे, प्रवाळ आहे. फ्लोरिडाच्या प्रकरणात खारफुटीही येते. पण चिखलाला स्वतःचं प्रकरण नाही.

हे फक्त माझ्या आवडीचं दुखणं नाही. भरती किनाऱ्याला आकार कसा देते, हे बघायचं तर चिखलापाशीच जावं लागतं. कार्सनबाईंचा वाळूचा किनारा ज्या टप्प्यातून जातो, तिथेच १९७९ साली माइल्स हेज यांनी एक सोपं निरीक्षण मांडलं. नॉर्थ कॅरोलिनात केप हॅटरासजवळ भरती-ओहोटीतला फरक मीटरभराचा. तिथे लाटांची सत्ता चालते, आणि किनाऱ्याला समांतर अशी लांबच लांब, अरुंद वाळूची बेटं तयार होतात, मध्ये क्वचित एखादं तोंड. दक्षिणेला जॉर्जियात हा फरक दोन मीटरच्या वर जातो. इतकं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करायचं तर वाटा हव्यात. म्हणून तिथली बेटं आखूड, मधली तोंडं रुंद आणि खोल, आणि बेटांमागे मैलोन्‌मैल चिखल आणि खारं गवत. फरक चार मीटरच्या वर गेला की अशी बेटं टिकतच नाहीत.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हीच गोष्ट उत्तरेकडे जाताना दिसते. गोव्यात उधाणातही पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं. मुंबईत मोठ्या उधाणाला चार मीटरच्या पुढे जातं. खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या आसपास. समोरचा उथळ समुद्र रुंद होत जातो, आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होतं, आणि पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दक्षिणेला वाळूच्या पुळणी आणि उत्तरेला चिखलाची मैदानं, यामागे हेही एक मोठं कारण आहे. नद्यांनी आणलेला गाळ हे दुसरं.

खाडीत चिखल साठतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. भरतीचं पाणी गढूळ येतं. पूर्ण भरतीला ते काही वेळ थांबतं आणि गाळ खाली बसतो. ओहोटीला पाणी परत निघतं, पण एकदा बसलेला बारीक गाळ उचलायला जास्त वेग लागतो. वाहता ठेवायला कमी पुरतो. म्हणून थोडा गाळ प्रत्येक फेरीत मागे राहतो. कांदळ आणि तिवरांची मुळं पाण्याचा वेग आणखी कमी करतात. दिवसाला दोन फेऱ्या, वर्षाला सातशेच्या वर. भरती इथे पट्टी घेऊन येत नाही, घमेलं घेऊन येते.

आणि हा चिखल रिकामा नसतो. निवट्या असतात, चिंबोऱ्यांची बिळं असतात, तिसऱ्या असतात, आणि माझे किडे असतात. पुस्तकानंतर सातच वर्षांनी, १९६२ मध्ये, जॉन टील यांनी जॉर्जियाच्या खाऱ्या दलदलीत ऊर्जा कुठून येते आणि कुठे जाते याचा पूर्ण हिशोब मांडला. तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा तिथले प्राणी जिवंत गवत चरून खात नव्हते. ते गवत कुजायचं आणि मग जिवाणू, खेकडे, शंख यांच्या पोटात जायचं. उरलेलं भरती-ओहोटी खाडीत घेऊन जायची. म्हणजे ज्या किनाऱ्यावर कार्सनबाई चालत होत्या, त्याच किनाऱ्याच्या पाठीमागे हे सगळं होतं. त्या वाळूच्या बाजूला राहिल्या.

माणूस कुठे आहे?

शेवटची पुरवणी. या पुस्तकात किनाऱ्यावर जवळपास एकच माणूस आहे, तो म्हणजे बघणारा. त्या एकांतातच पुस्तकाची जादू आहे, हे खरं. पण आपल्या ओहोटीत एकांत कुठे असतो? पाणी उतरलं की बायका कोयती आणि टोपली घेऊन कालवं फोडायला खडकावर जातात, खाडीत तिसऱ्या काढायला उतरतात. तिथीचा हिशोब पुस्तकात वाचून नव्हे, रोजच्या कालवणासाठी पाठ असतो. ही माणसं किनाऱ्याच्या बाहेरची धरायची की आतली?

चिलीतल्या संशोधकांनी याचं उत्तर प्रयोगाने दिलं. तिथे 'लोको' नावाचा मोठा शिकारी शंख लोक आवडीने खातात. लास क्रूसेस इथे १९८२ साली एका संशोधन केंद्राच्या किनाऱ्याला कुंपण घालून माणसांना बंदी केली. हुआन कार्लोस कास्टिया आणि सहकाऱ्यांनी काय होतं ते बघितलं. कुंपणाच्या आत लोको वाढले, त्यांनी मसल फस्त केले, मोकळ्या झालेल्या जागेवर बार्नॅकल बसले. कुंपणाबाहेर मसलची चादर तशीच. पेन यांनी तारामासे काढून जे दाखवलं, तेच इथे माणूस काढून दिसलं. बाहेरच्या खडकाचं जे रूप लोकांना 'नैसर्गिक' वाटत होतं, ते त्यांच्याच जेवणाने घडवलेलं होतं.

मग काय बिघडलं?

तुम्ही म्हणाल, सत्तर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाकडून पुढच्या संशोधनाची अपेक्षा कशी करायची? बरोबर आहे, आणि ती मी करतही नाही. पण या पुस्तकातलं चित्र पुस्तकापुरतं उरलेलं नाही. 'भरती किनारा घडवते' हे वाक्य शाळेच्या धड्यापासून माहितीपटांपर्यंत सगळीकडे आहे. आणि ते वाक्य एकटं वापरलं की त्यातून एक सोयीचा निष्कर्ष निघतो: भरती येतेय ना, मग किनारा आहेच.

खाडीच्या काठाने भराव पडतो तेव्हा हाच युक्तिवाद ऐकू येतो. पाणी तर येतंय. भरतीचं कोष्टक काढून बघितलं तर त्यात खरोखर काही फरक दिसणार नाही. पुळणीच्या मागे धूपप्रतिबंधक बंधारा बांधला तरी भरती वेळेवर येते. पण सागरपातळी वाढते तशी ओहोटीची रेषा जमिनीकडे सरकते आणि भरतीची रेषा भिंतीला अडते. मधला प्रदेश दोन्ही बाजूंनी चेपत जातो. तिवरांची झाडं निदान दिसतात. त्यांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच बंदी घातली. उघडा चिखल मात्र ओसाड दिसतो. ठाणे खाडीत तो वाचला त्यात फ्लेमिंगोंचा वाटा मोठा आहे. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत नाव लागलं. गुलाबी पाहुणे नसलेल्या खाड्यांच्या चिखलासाठी कोण बोलणार?

आपल्या कायद्याने हा प्रदेश ओळखलाय, हे नमूद करायला हवं. १९९१ च्या सागरी किनारा नियमनाच्या अधिसूचनेपासून भरती आणि ओहोटीच्या रेषांमधल्या पट्ट्याला वेगळं स्थान आहे, ते २०१९ च्या अधिसूचनेतही आहे. पण वर्तमानपत्रांत, ग्रामसभांत, कोर्टात वाद होतो तो बहुतेक वेळा भरतीरेषेपासून बांधकाम किती मीटरवर याचा. ५०० मीटर, २०० मीटर, ५० मीटर. रेषेच्या जमिनीकडच्या बाजूचं मोजमाप चालतं. समुद्राकडच्या बाजूला कोण कोणाच्या आधाराने राहतं, याची मोजणी कोणी मागत नाही. कार्सनबाईंनी पुसलेली रेघ आपण पुन्हा ठळक काढून ठेवली आहे.

म्हणून माझा सल्ला असा. पुस्तक वाचाच. सुरुवातीची दोन प्रकरणं आधी वाचा, खडकाचं त्यानंतर. किनारा हा प्रदेश आहे, ही त्यांची गोष्ट कायमची लक्षात ठेवा. ती कोणीही खोटी ठरवलेली नाही. पट्ट्यांपाशी आलात की मात्र थांबा. 'भरतीमुळे' असं जिथे जिथे वाटेल तिथे पेन्सिलीने 'आणखी कोणामुळे?' असं समासात लिहा. मग एखाद्या पौर्णिमेला, सकाळी सहाच्या ओहोटीला, जवळच्या खडकावर जा. बार्नॅकलचा पट्टा जिथे संपतो तिथे बसा आणि त्याच्या खाली कोण आहे ते बघा. शंख आहेत का, शिंपले आहेत का, कालवं फोडल्याच्या ताज्या पांढऱ्या खुणा आहेत का. आणि खाडी जवळ असेल तर चपला काढून चिखलातही उतरा. तिथलं प्रकरण अजून लिहायचं आहे.